निकालाच्या फोटोनंतरची पाच वर्षं

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या शैक्षणिक पुरवणीत 'क्लॅट'मध्ये, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, चमकलेल्या नाशिकच्या मुलामुलींचे फोटो पाहिले. सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. पण फोटोखालचा मजकूर रँकवर येऊन थांबतो आणि त्याच पानावर खाली क्लासची अर्ध्या पानाची जाहिरात असते. ही मुलं जुलैत बॅगा घेऊन जातात, त्यानंतर त्यांचं काय होतं ते कुठंच छापून येत नाही. ते थोडंफार सांगावं म्हणून हे पत्र. लांबलं आहे, कात्री लावायचा अधिकार आपला आहे.

मी सीबीएस बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाच्या आवाराबाहेर मराठी-इंग्रजी टायपिंगचं काम करते. प्रतिज्ञापत्रं, दावे, कैफियती, वारसनोंदीचे अर्ज, हक्कसोड पत्रं. टाईपरायटरवर बोटं घासली, आता कॉम्प्युटर आहे. नवरा सातपूरला कंपनीत. मुलगी दक्षिणेकडच्या एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात चौथ्या वर्षाला आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. चांगलं लिहीन तेव्हा जाहिरात होईल आणि वाईट लिहीन तेव्हा पोरीला तिथं अजून दीड वर्ष काढायचं आहे. डिसेंबर उजाडला की कुणी ना कुणी पालक माझ्या टेबलापाशी येतात, "ताई, तुमची मुलगी तिकडं आहे ना, कसं असतं हो?" आणि मी प्रतिज्ञापत्राच्या मध्येच थांबून सांगत बसते. पक्षकार खोळंबतो. म्हणून एकदाच सगळ्यांना.

पैशाचं आधी सांगते, कारण लोक ते सगळ्यात शेवटी आणि दबक्या आवाजात विचारतात. परीक्षेच्या अर्जाचेच चार हजार रुपये आहेत, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना साडेतीन हजार. नंबर लागला की समुपदेशनाच्या, म्हणजे जागावाटपाच्या, वेळी वेगळी रक्कम भरायची, तीही ठरलेल्या मुदतीत. गावाकडून पैसे यायचे आहेत म्हणून कुणी थांबत नाही. पुढे फी, वसतिगृह, मेस मिळून वर्षाला साधारण दोन लाखांपासून चार लाखांपर्यंत, काही ठिकाणी त्याहून वर. हे सरकारी कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ आहे म्हणून फी सरकारी कॉलेजसारखी असेल असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. या विद्यापीठांना आपला बराचसा खर्च फीमधूनच भागवावा लागतो. बँकेचं शैक्षणिक कर्ज मिळतं. २०२४च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत नामांकित संस्थांसाठी तारण आणि जामीनदार लागत नाही. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती आहे. पण आपल्या राज्याची कुठली सवलत परराज्यातल्या विद्यापीठाला चालते आणि कुठली नाही, हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन आधीच विचारावं, प्रवेशानंतर नव्हे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांत राज्यातल्या मुलांसाठी राखीव जागा असतात, तेही पसंतीक्रम भरताना लक्षात ठेवावं. संभाजीनगरला तपोवन एक्स्प्रेसनं गेलं तर पोर शनिवारी घरी येऊन रविवारी परतू शकते. पहिल्या वर्षी या गोष्टीची किंमत फार असते. आमच्या घरी 'वरची रँक, वरचं कॉलेज' एवढ्यावरच चर्चा मिटली होती.

आता मुद्द्याचं. क्लॅट ही परीक्षा कायदा तपासत नाही, वाचन तपासते. माझ्या मुलीच्या वेळी दीडशे प्रश्न होते, आता १२० मिनिटांत १२० आहेत, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. साडेचारशे-साडेचारशे शब्दांचे उतारे आणि त्याखाली प्रश्न. कायद्याच्या भागातही नियम उताऱ्यातच दिलेला असतो. त्यामुळे शंभराच्या आत रँक आलेलं पोरही विद्यापीठात शिरतं तेव्हा त्याला दावा आणि दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) यातला फरक माहीत नसतो. तो तिथं कुणी अपेक्षितही धरत नाही. अपेक्षित धरलेलं असतं ते इंग्रजी.

आमची मुलगी सेमी इंग्रजीतली. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. शास्त्र शाखेला जाणाऱ्या पोरांना त्याचा उपयोग होतो. कायद्याला मात्र नेमकं उलट होतं. इतिहास, नागरिकशास्त्र, समाज, राज्यघटना हे सगळं तिनं मराठीत शिकलेलं, आणि पहिल्या सत्रात राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास हेच विषय इंग्रजीत समोर आले. तिला विषय येत होता, बोलता येत नव्हता. दहावीला बोर्डात चमकलेली पोर वर्गात शेवटच्या बाकावर बसायला लागली. परीक्षा इंग्रजीखेरीज इतर भाषांतूनही व्हावी म्हणून २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती. माझं मत विचाराल तर परीक्षा मराठीत घेऊन सुटका होणार नाही, कारण पुढची पाच वर्षं इंग्रजीतच काढायची असतात. प्रवेश आणि जुलै यांच्यामध्ये जे सहा-सात महिने मिळतात त्यात दर दिवशी एक निकालपत्र मोठ्यानं वाचावं, हा माझा घरगुती सल्ला. सुप्रीम कोर्टाची निकालपत्रं फुकट मिळतात, त्याला क्लास लागत नाही.

वर्गात शिकवण्याची पद्धत निराळी असते. आपल्याकडं सर सांगतात, मुलं उतरवून घेतात. तिथं आदल्या दिवशी वाचायला वीस-तीस पानं देतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाचंही नाव पुकारून विचारतात, वस्तुस्थिती काय होती, वाद कशाचा होता, न्यायाधीश काय म्हणाले, आणि ते चुकले असं तुम्हाला म्हणायचं असेल तर का? ही रीत १८७०च्या सुमारास अमेरिकेत हार्वर्डला लँगडेल नावाच्या डीननं सुरू केली म्हणतात. आपल्याकडं ती बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमधून पसरली. माधव मेनन यांनी ते उभं केलं, पहिली तुकडी १९८८ची. त्याच्या आधी बहुतेक ठिकाणी पदवी घ्यायची, नोकरी धरायची आणि संध्याकाळी तीन वर्षं लॉ कॉलेजला जायचं, अशी रीत होती. माझ्या टेबलावर येणारे साठीच्या पुढचे निम्मे वकील तसेच शिकलेत आणि उलटतपासात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, हेही इथंच नोंदवून ठेवते.

पहिल्या वर्षी रात्री साडेदहाला फोन यायचा, तेव्हा ती मला दिवसभरात वाचलेला खटला सांगायची. सांगितला की तिचा पक्का व्हायचा. एकदा गोगलगायीचा खटला आला. स्कॉटलंडमधल्या पेझली गावी १९२८ साली एका बाईला मैत्रिणीनं जिंजर बिअर घेऊन दिली, बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली, बाई आजारी पडली. बाटली विकत घेतली मैत्रिणीनं, मग या बाईचा कारखानदाराशी करार कुठला? १९३२ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिकडच्या सर्वात वरच्या कोर्टानं, तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला की करार नसला तरी वस्तू बनवणाऱ्यावर ती वापरणाऱ्याची काळजी घेण्याचं कर्तव्य आहे. मी विचारलं, "पण गोगलगाय निघाली होती हे सिद्ध झालं का? पंचनामा?" ती गप्प. दुसऱ्या दिवशी शोधून तिनं सांगितलं की ते कधीच सिद्ध झालं नाही. लॉर्ड्सनी फक्त कायद्याचा मुद्दा ठरवला; पुरावा व्हायच्या आधी कारखानदार वारला आणि प्रकरण आपसात मिटलं. जगभरची पोरं नव्वद वर्षं जी गोगलगाय शिकताहेत, ती बाटलीत होती की नव्हती देव जाणे. आमच्या बाररूममध्ये हे सांगितलं तर एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "तुमच्या मुलीला सांगा, तुमच्या कॉलेजात आणि आमच्या कोर्टात एवढाच फरक. आमच्याकडं आधी गोगलगाय दाखवावी लागते."

त्यांचं म्हणणं गमतीचं होतं, पण तिथं काय मिळतं आणि काय मिळत नाही ते त्यात आलं. राज्यघटनेची मूळ चौकट संसदेला मोडता येत नाही असं सांगणारा केशवानंद भारतीचा १९७३चा निकाल, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, शेकडो पानं. तो वाचून त्यातला धागा काढायला मुलं तिथं शिकतात. हे कसब खरं आहे. पाचशे पानांच्या फाइलला घाबरायचं नाही, ही सवय लागते. वकालतनाम्यावर स्टॅम्प कुठं लावायचा, दावा दाखल करताना कागदांची यादी कशी जोडायची, निशाणी म्हणजे काय, रोजनामा कोण लिहितं, नक्कल विभागात अर्ज कुणाकडं द्यायचा, हे मात्र कुणी शिकवत नाही. अभ्यासक्रमात दावा-अर्जांच्या मसुद्यांचा पेपर असतो, पण तो मसुदा कोर्टातल्या कागद तपासणाऱ्या शिरस्तेदारानं परत फेकलेला नसतो.

बाकी वेळ जातो प्रोजेक्टमध्ये. दर विषयाला एक निबंध, तळटीपांसह. तळटीप कशी लिहायची याची वेगळी पुस्तकं आहेत आणि स्वल्पविराम चुकला तरी गुण जातात. मग त्यावर तोंडी परीक्षा. दुसऱ्याचं उतरवलं तर सॉफ्टवेअर पकडतं. त्यातून वेळ काढून 'मूट'. म्हणजे काल्पनिक खटला, दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद, आणि न्यायाधीश म्हणून बसलेल्या माणसानं मध्येच तोडून विचारलेले प्रश्न. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार मूट सगळ्यांना करावंच लागतं, पण खरी चुरस बाहेरच्या स्पर्धांना जाणाऱ्या संघात घुसण्यासाठी असते. जेसप नावाची आंतरराष्ट्रीय कायद्याची स्पर्धा १९६० पासून चालते; बेंगळुरूच्या मुलांनी ती दोनदा जिंकली आहे. आमची मुलगी आतल्या निवडीतच पहिल्या वर्षी गळाली. दुसऱ्या वर्षी संघात संशोधक म्हणून घेतली, म्हणजे बोलायचं नाही, रात्र जागून संदर्भ काढायचे. या जागेवर बहुतेक कोण असतं, ते तिनं मला सांगितलं. मोठ्या शहरातल्या इंग्रजी शाळांत पहिलीपासून वादविवाद केलेली मुलं बोलणारी, आमच्यासारख्यांची शोधणारी. तिसऱ्या वर्षी ती बोलली. बक्षीस मिळालं नाही, पण समोरच्या निवृत्त न्यायाधीशांनी अडवल्यावर अडखळली नाही, असं तिचं म्हणणं. मला ते पुरेसं वाटलं. तिला नाही.

मन खचण्याबद्दल पालक कधी विचारत नाहीत, म्हणून न विचारता सांगते. वर्गातलं प्रत्येक पोर आपापल्या शाळेत पहिलं आलेलं असतं आणि तिथं त्यातलं निम्मं पोर निम्म्याच्या खाली असणारच, हा साधा हिशेब आहे. पण तो सतरा-अठरा वर्षांच्या जिवाला कुणी समजावून सांगितलेला नसतो. दुसऱ्या सत्रात मुलीचा एक विषय राहिला. आयुष्यात पहिल्यांदा. आठवडाभर फोनवर नुसतं 'हो', 'जेवले', 'ठीक'. वडील निघाले होते रजा टाकून. एका वरच्या वर्गातल्या मुलीनं तिला धरून समुपदेशकाकडं नेलं, तिथं आठवड्याला दोन दिवसच समुपदेशक यायचा आणि नंबर लावावा लागायचा. कोट्यवधींच्या इमारती बांधणाऱ्या संस्थेला एक पूर्णवेळ समुपदेशक परवडू नये, याचं मला नवल वाटतं. शिवाय वसतिगृहात 'तुझी रँक किती' हा प्रश्न गप्पांत विचारला जातो आणि त्यामागचा अर्थ 'तू कुठल्या कोट्यातून आलीस' असा असतो, हे आरक्षणातून गेलेल्या मुलांच्या आईबापांनी मनाशी तयार ठेवावं. ज्या देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, जे १९३५ साली मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, त्या देशाच्या कायद्याच्या वसतिगृहात हा प्रश्न उरावा! अस्पृश्यता रद्द करणारा अनुच्छेद १७ शिकवताना प्राध्यापकांनी काळाराम मंदिर सत्याग्रहाचा उल्लेख केला तेव्हा आमची मुलगी पहिल्यांदा आपणहून हात वर करून बोलली म्हणे. २ मार्च १९३०, सत्याग्रह पाच वर्षं चालला, हे सगळं तिला पंचवटीतल्या आजीकडून ऐकून माहीत होतं.

गरीब, ग्रामीण मुलांना या विद्यापीठांत पोचवायला आणि तिथं टिकवायला 'आयडिया' नावाचा उपक्रम आहे. शामनाद बशीर या प्राध्यापकांनी २०१० मध्ये सुरू केला. ते २०१९ मध्ये गेले, काम चालू आहे. सुरगाणा-पेठच्या शाळांतल्या शिक्षकांनी त्याची माहिती घ्यावी, एवढं सुचवते.

इंटर्नशिपवर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण खरी चाळणी तिथं लागते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे कुठं ना कुठं काम करायला हवं, असा बार कौन्सिलचा नियम. प्रत्यक्षात मुलं दर सुट्टीत करतात. रिवाज असा की आधी सामाजिक संस्था, मग खालचं कोर्ट, मग हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, शेवटी मोठ्या लॉ फर्म. यातल्या बऱ्याच ठिकाणी पैसे मिळत नाहीत. दिल्लीत महिनाभर खोली, खाणं, मेट्रो, काळा कोट, हे सगळं घरून. आणि जागा मिळते कशी? कागदावर ईमेल पाठवून. मुलीनं दिल्लीतल्या वकिलांना ईमेल पाठवले, उत्तरंच नाहीत. तिच्या खोलीतल्या मुलीच्या काकांनी एक फोन केला आणि तिचं झालं. यात त्या मुलीचा काही दोष नाही. चांगली मुलगी आहे, आमच्याकडं येऊन मिसळ खाऊन गेली, ठसक्यानं लाल झाली. पण पहिल्या दिवसापासून दोघींच्या हातात एकच वेळापत्रक असूनही वाट एक नव्हती. शेवटी मुंबई हायकोर्टात एका वकिलांकडं जमलं. कल्याणला माझ्या बहिणीकडं राहून लोकलनं जायची. काही आठवडे नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसनं जाऊन येऊनही केलं; पासधारकांच्या डब्यात बसून निकालपत्रं वाचणारी पोर म्हणून तिला ओळखायला लागले होते.

नंतरच्या मे महिन्यात ती नाशिकच्याच कोर्टात, एका दिवाणी वकिलांकडं राहिली. विद्यापीठातल्या तिच्या मैत्रिणींना ते कमीपणाचं वाटलं. बायोडेटावर जिल्हा कोर्ट दिसायला बरं दिसत नाही म्हणे. तिथं काय झालं ते सांगते. निफाडकडची जमीन. नवरा वारल्यावर बाई आणि लहान मुलाच्या नावाला लागलेली, सातबारावर मुलाच्या नावापुढं अ.पा.क., म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) मुलाची पालनकर्ती, म्हणून आईचं नाव. आईनं सगळीच विकलेली, आता मुलगा सज्ञान होऊन वकिलांकडं आलेला. कागद माझ्याकडंच टाईप व्हायला आले होते. पोरीनं खरेदीखत वाचलं आणि विचारलं, "अज्ञानाची जमीन विकायला कोर्टाची परवानगी लागते ना? आदेश कुठंय?" १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम आठ. आदेश नव्हताच. मग तिनं मुलाची जन्मतारीख मागितली, कारण सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत दावा लागतो. मुदतीला चार महिने उरले होते. वकीलसाहेबांना हे सगळं माहीत होतं, ते नुसते तिच्याकडं बघत होते. पण मला तेव्हा कळलं की तिकडं लाखो रुपये घालून काय विकत घेतलं. कागद वाचताना जे लिहिलेलं नाही ते शोधायची सवय. तिला तिथं काय कळलं तर, दावा मराठीत लिहायचा आणि तिला मराठीत लिहिता येत नाही. 'वादी' आणि 'प्रतिवादी' पुढं पेनच हलेना. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा आपल्या राज्यात मराठी आहे, पक्षकार मराठी, साक्षीदार मराठी, आणि कायद्याचं उत्तम शिक्षण घेतलेली नाशिकची पोरगी आईला विचारते, "एस्टॉपेलला काय लिहू?" मी तिला जुन्या कैफियतींचा एक गठ्ठा दिला वाचायला.

अजून एक. दुसऱ्या वर्षी तिनं भारतीय दंड संहिता पाठ केली आणि तिसरं वर्ष सुरू होण्याच्या तोंडावर, १ जुलै २०२४ला, ती संहिताच गेली. खुनाचं ३०२ होतं ते १०३ झालं, फसवणुकीचं ४२० होतं ते ३१८. सगळ्यात घोळ ४८२चा, तो फौजदारी प्रक्रिया संहितेतला; तीही त्याच दिवशी बदलली. पूर्वी ४८२ म्हणजे हायकोर्टात गुन्हा रद्द करायचा अर्ज, आता ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. त्या जुलैत मी इकडं अर्जांचे नमुने बदलत होते आणि ती तिकडं नोट्स. पाच वर्षांत शिकलेलं पुढच्या पाच वर्षांत जुनं होतं, आणि त्याला कॉलेज तरी काय करणार.

नोकरीचं सगळे विचारतात. मोठ्या लॉ फर्म चौथ्या-पाचव्या वर्षी कॅम्पसवर येऊन मुलं निवडतात आणि सुरुवातीलाच वर्षाला पंधरा-वीस लाखांच्या घरात देतात, हे खरं आहे. जाहिरातीत तेच छापतात. सगळ्यांना देत नाहीत, आणि वरच्या मोजक्या विद्यापीठांपलीकडं ही संख्या झपाट्यानं उतरते, हे छापत नाहीत. प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारा की मागच्या तुकडीतल्या किती मुलांना कॅम्पसवरून काम मिळालं. सरासरी पगार विचारू नका, मधला विचारा, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळतो तो. कर्ज काढलेलं पोर मनात कोर्ट असूनही फर्मला जातं, कारण हप्ता सुरू होतो. आमच्याही घरी हा विषय सध्या जेवताना टाळला जातो. तिला कोर्टात उभं राहायचं आहे. सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, फी तरी सुप्रीम कोर्टाच्या जुलै २०२४च्या निकालानं ७५० रुपयांवर आली, अनुसूचित जाती-जमातींना १२५, नाहीतर राज्याराज्यांत हजारो रुपये घेत होते. पण ज्युनिअरला मिळतं काय? बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रक काढलं, शहरात वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार महिना द्यावेत असं. शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्या आवारात त्या पत्रकाबद्दल विचारलं की ज्येष्ठ हसतात आणि ज्युनिअर इकडंतिकडं बघतात. न्यायाधीश व्हायचं म्हटलं तर सुप्रीम कोर्टाच्या २० मे २०२५च्या निकालानं तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. मला तो निकाल पटतो. साक्षीदार कसा घाबरतो ते न पाहिलेल्यानं न्यायासनावर बसू नये. पण ही तीन वर्षं कोण पोसणार, हे त्या निकालानं सांगितलेलं नाही.

कुणी म्हणेल, बाई इतकं रडगाणं गातेय तर मुलीला परत का आणत नाही? रडगाणं नाही हो. तिला तिथं जे शिक्षक भेटले, ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, मणिपूरपासून केरळपर्यंतच्या पोरी एका मजल्यावर, हे इथं मिळालं नसतं. ज्यांना जमत नाही त्यांनीही खट्टू होऊ नये. १८५५चं मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज आहे, १९२४चं पुण्याचं आयएलएस आहे, नाशिकमध्येच गोखले एज्युकेशन सोसायटीचं आणि मराठा विद्या प्रसारक संस्थेचं (मविप्र) कॉलेज आहे. राज्याची सीईटी देऊन तिथं जाता येतं आणि सनद सगळ्यांची एकच असते.

संपादक महोदय, आपल्याकडं दोन मागण्या आहेत. पुढच्या डिसेंबरात फोटो छापाल तेव्हा शेजारी एक चौकट द्या. त्या-त्या विद्यापीठाची पूर्ण फी, कर्ज आणि शिष्यवृत्तीची माहिती, समुपदेशक आहे की नाही, आणि तिथं आधीच शिकत असलेल्या नाशिकच्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या चार ओळी. जाहिरातीतून ते मिळत नाही. दुसरी मागणी आपल्यामार्फत नाशिकच्या वकील मंडळींना. मे महिन्याच्या सुट्टीत घरी आलेल्या या पोरांना तुमच्या ऑफिसात बसू द्या, ओळख असो नसो. चहाचे पैसे देऊ नका, पण फाइल वाचायला द्या आणि एखादा अर्ज मराठीत लिहायला लावा. टायपिंगला माझ्याकडं पाठवा, विद्यार्थ्यांचे पैसे मी घेत नाही.

कृपया नाव प्रसिद्ध करू नये.

आपली नम्र,
एक टंकलेखिका,
जुना आग्रा रोड, नाशिक